करडीचं तेल प्यालेले टायर

"बशीरभाई, नुसती हवा मार. दुसऱ्या कशाला हात लावू नको. लई उशीर व्हायलाय."

सुखदेव मुकादम गाडीतून न उतरताच बोलले. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. हंगाम उरकून चार दिवसांखाली गावी आले होते. शेजारी कौशल्यावहिनी, मागं सून आणि तिच्या मांडीवर नातू. नातवाचं जावळ काढायला येरमाळ्याच्या देवीला निघाले होते. वडवणीहून तिकडं जायचं तर मधे धारूरचा घाट.

माझं वडवणीत टायरचं दुकान आहे. हवा, पंक्चर, अलाइनमेंट, नवीन टायर, सगळं एकाच शेडमधे. गिऱ्हाईक चुकत असलं की माझं तोंड थांबत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तरी येतात बिचारे.

हवेचा पाइप घेऊन पुढच्या चाकापाशी बसलो. टायर काळाभोर, चमकतोय. नक्षी चांगली खोल. टायरवर हात ठेवला तर तळवा चिकटला. अंगठ्याचं नख दाबलं तर खूण तशीच राहिली. रबर असं मऊ नसतं. नक्षी आणि लोखंडी डिस्क यांच्या मधल्या भागाला आम्ही साईडवॉल म्हणतो. तिथं लिंबाएवढा फोड आला होता. आतल्या दोऱ्यांनी रबराची पकड सोडली की असा फोड येतो, आणि हवा पहिल्यांदा तिथूनच बाहेर पडते. बाकीची तीन चाकं बघितली. तीच तऱ्हा.

मी पाइप खाली ठेवला. "हवा मारत न्हाई."

"कावून?"

"टायर गेलेत. चारी."

"काय बोलायलास बे! नक्षी बघ की. नव्यावाणी हाय. अन् सहा महिने गाडी जागची हलली न्हाई. उभ्या उभ्या टायर जातेत व्हय?"

"जातेत की. साठच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतंय का न्हाई?"

मुकादमांनी मान हलवली. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की वजन टायरच्या एकाच भागावर येतं. हवा कमी होत जाते, तो भाग चपटा बसतो. मग चाक गोल फिरत नाही, उड्या मारतं. हे त्यांना पटलं. पण थरथर वेगळी आणि हा चिकटपणा वेगळा. माझं डोकं तिथंच अडकलं होतं.

"तुला टायर खपवायचेत, म्हणून सांग की सरळ," मुकादम म्हणाले.

आता माझी सटकली. "डिक्की उघडा!"

स्टेपनी बाहेर काढली. धुळीनं माखलेली, कोळ्याची जाळी लागलेली. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. टायर कारखान्यात कधी बनला ते त्यावरून कळतं. स्टेपनीची आणि खालच्या चाकांची तारीख एकच होती. मी मुकादमांचा हात धरला, आधी स्टेपनीवर ठेवला, मग पुढच्या चाकावर.

"दाबा. सख्खे भाऊ हायेत दोगं. एक टणक अन् एक लोणी. कावून? तुमीच सांगा."

मुकादमांनी दाबून बघितलं. परत दाबून बघितलं. मग वाकून वास घेतला आणि बायकोकडं बघायला लागले.

वहिनी खिडकीतून मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "करडीचं तेल हाय त्ये. दर साली कारखान्यावर निघताना मी सोता लावते. बैलाच्या शिंगांना लावते, चामड्याच्या पट्ट्यांना लावते, अन् राहिलेलं चाकांना. भेगा पडू नयेत म्हणून. डिक्कीतलं तेवढं राहतंय, त्ये कोण काढीत बसंल?"

"या अल्ला!" मी कपाळावर हात मारला. "वहिनी, टायर काय बैलाचं शिंग हाय का? रबर तेल पितंय, फुगतंय, अन् आतून कुजतंय! लाडानं जीव घेतला की तुमी त्याचा!"

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुकादमही हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. खाली उतरल्या, फोडावरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात विचारलं, "ह्याच्यावरच गेलो तर?"

"देवीला पोचाल बी कदाचित. पण येताना उतार हाय. घाटात जोरात ब्रेक मारला अन् हे फुटलं, तर गाडी कुणाच्या हातात राहत न्हाई. मागं लेकरू हाय, वहिनी. मला भ्या वाटतंय."

"पाव्हणे तिथं येऊन बसलेत," मुकादम पुटपुटले.

"बसू द्या," वहिनी म्हणाल्या. "सूनबाई, उतर खाली."

विषय संपला. पण मुकादम ते मुकादमच. चार टायर घ्यायचेच आहेत तर आमच्या पुढाऱ्याच्या जीपला आहेत तसे रुंद दे, म्हणाले. मी सांगितलं, तुमच्या छोट्या गाडीला ते बसवले तर वळताना आत घासतील, स्टेअरिंग जड होईल आणि पेट्रोल जास्त लागेल. दरवाज्याच्या आतल्या बाजूला कंपनीनं स्टिकर लावलेला असतो. त्यावर टायरचा साइज आणि हवा किती भरायची ते लिहिलेलं असतं. मी तो दाखवला. त्याच साइजचे साधे, ताज्या तारखेचे चार टायर बसवले. बॅलन्सिंग केलं. स्टेपनी पुसून, हवा भरून परत डिक्कीत ठेवली. जिच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, तीच एक धडधाकट निघाली.

निघताना वहिनींनी पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि भीतभीत मला विचारलं, "हे चालतंय का?"

"चालतंय. कोरडं लावा."

दुसऱ्या दिवशी मुकादम एकटेच दुकानात आले. हातात देवीचा प्रसाद. तो माझ्या हातावर ठेवला आणि खुर्चीत बसले. मग म्हणाले, घाट उतरताना वळणावर कडब्याची ट्रॉली बंद पडून आडवी उभी होती. ब्रेक मारला तशी गाडी सरळ रेषेत जाऊन थांबली, ट्रॉलीच्या हातभर अलीकडं.

"पोरगं जागं बी झालं न्हाई, बशीरभाई," मुकादम म्हणाले आणि बाहीनं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले. मी उगाच पान्हा शोधायला लागलो.

टायरला बरोबर हवा आणि सावली लागते, मळला तर साधं पाणी. जीव लावायचाच असला, तर आत बसणाऱ्यांना लावा.