कुंकू लावलेला बेल्ट

आधी तो चहा संपवा बावा. आयकता आयकता ठसका लागन, अन् पाप माह्या माथी!

धोंड्याचा महिना होता. आमाले अमरावतीहून अकोल्याले, सासऱ्याकडं जेवाले जायाचं होतं. जवाई पाटावर बसल्याशिवाय तिकडं कोनी घास घेत नाही. अन् आमचे सासरे, मामाजी, चारचौघात म्हनत, "जवाई मानूस चांगला, पन हाताचा बाद!" काहून? तं मी एकडाव त्यायचा कुलर दुरुस्त केला होता, अन् अख्ख्या गल्लीची लाइन गेली होती.

म्हनलं, यावेळी दाखवतोच! माह्या डिझेल गाडीच्या इंजिनाचा बेल्ट झिजला होता. चाबी फिरवली का चिर्रर्र! मामाजीले फोनच लावला, "मेस्त्री-बिस्त्री काही नाही, बेल्ट मी सोता बदलून राह्यलो!"

निघाच्या दिवशी जुना काढला, नव्यावर ठेवून लांबी पाह्यली. बराबर! दोन्ही ओट्यावर टाकले अन् डोकं बोनेटात घातलं.

तितक्यात बायको, सुनंदा, हळदीकुंकू घेऊन आली. नवीन वस्तू पूजेबिगर लावू देईन ते? नाव नका घेऊ!

"अवो, यातला नवा कोनता?"

"चमकते तो! हे काय इचारनं झालं?"

तिनं चमकत्याले कुंकू लावलं. मी कुंकवाचा उचलला, घाम गाळून बसवला. दुसरा तिनं माहेरी न्याच्या आंब्याच्या पेटीले गुंडाळला, झाकन उघडू नये म्हनून.

गाडी चालू केली. चिर्रर्र!

"अवो, आवाज तं तोच हाय."

"नवा हाय ना! रुळाले टाइम लागते."

बडनेऱ्यात लोकं वळून वळून पाहू लागले. मी आपला काच खाली करून सांगून राह्यलो, "नवा हाय, नवा!"

मूर्तिजापूरच्या अलीकडं फाडकन आवाज झाला. लाल दिवा लागला, एसी गेला, स्टेअरिंग दगडावानी. बोनेट उघडलं तं बेल्टाच्या चिंध्या, अन् एका चिंधीवर कुंकू! माहं डोकंच फिरलं. दुकानदाराच्या नावानं शंख केला, मामाजीले फोन केला, "नकली माल देला हो त्यानं!"

मामाजी उपाशीपोटी जीप घेऊन आले. सामान हलवता हलवता पेटीचा बेल्ट त्यायच्या हाती लागला. त्यायनं तो उलटापालटा केला. कुठं चीर नाही, वरची अक्षरं कोरी करकरीत.

"जवाईबापू, मंग हा कोनाचा?"

माह्या तोंडचं पानीच पळालं. जुना बेल्ट इंजिनात घासून घासून चमकला होता, अन् नवा बिचारा फिक्का काळा!

"मी तं इचारलं होतं!" सुनंदा म्हनाली.

अकोल्यात पोचलो तं पाव्हने भुकेनं कासावीस. मी मान खाली घालून पाटावर बसलो. सासूबाईनं वानाचं ताट समोर ठेवलं. धोंडे, अनारसे, दिवा, अन् मधोमध तोच बेल्ट!

मामाजी सगळ्यायच्या देखत म्हनाले, "घ्या, जवाईबापू. याले मुद्दामच कुंकू नाही लावलं. म्हनलं, तुमाले नवा ओळखाले सोपं जाईन!"