बिरोबाचा झुपका

कातरलेली लोकर कुणी विचारीना, बांधावर कुजायला लागली, तेव्हा मंगळवेढ्याकडच्या तानाबाईनं सोलापूरच्या वर्गाला नाव घातलं. आठ रविवार, येऊन-जाऊन एसटी. ओली लोकर चोळून, घट्ट बसवून चित्रं करायला शिकवणाऱ्या वैजयंती म्याडम शब्द मधात बुडवून बोलायच्या.

"ताई, थर एक आडवा, एक उभा, हं? साबणाचं कोमट पाणी. हलक्या हातानं चोळा. आणि लोकर एकदा बसली की सुटत नाही."

घरी आल्यावर तानाबाई पदर सावरत नवऱ्याला नक्कल करून दाखवायची. "हलक्या हातानं, हं?"

"मेंढरास्नी बी सांग की," बिरप्पा म्हणायचा. "हलक्या तोंडानं चरा, हं?"

शेवटच्या रविवारी चित्र दाखवायचं होतं. तानाबाईनं त्यात त्यांचा एडका, कळपाचा म्होरक्या मेंढा, मांडला, मागं सगळा कळप. पण घरची काळी लोकर उन्हानं तांबूस झालेली. तोंडाला काजळासारखी काळी हवी होती, आणि तशी एकाच ठिकाणी होती: एडक्याच्या कपाळावरच्या झुपक्यात. कातरणीत त्या झुपक्याला कात्री लावायची नाही, तो बिरोबा देवाचा. झुपक्याचा एडका पुढं, म्हणून कळप मागं.

चित्र तरी बिरोबाच्याच एडक्याचं हाय की, असं म्हणून तिनं झुपका कातरला. दुपारभर चोळला, चटईत गुंडाळून लाटला. तोंड झकास बसलं.

त्या सांजेपासून एडका मेंढरांच्या वाड्यात कुडाच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. ना चारा, ना पाणी. गळ्यातली घंटा वाजेना. परवा मेंढरं चाऱ्याला भीमेकाठी निघायची होती.

बिरप्पानं एडक्याच्या कपाळावरनं हात फिरवला.

"झुपका कुटं हाय?"

"चित्रात."

"काढ."

तिनं नखानं ओढला, दाभणानं उकरला. काळ्याबरोबर तांबूसही उपटून यायला लागलं. शेवटी तिनं म्याडमना फोन लावला.

"अहो ताई, ते निघतच नाही," म्याडम हसून म्हणाल्या. "हीच तर याची ब्यूटी आहे, हं?"

निघायच्या दिवशी सकाळी तिनं कातरणीच्या कात्रीनं चित्रातलं तोंड गोल कापलं आणि काळ्या दोऱ्यानं एडक्याच्या कपाळावर बांधलं.

एडका कुडापासून वळला. घंटा वाजली. "चालला बघा," तानाबाई पुटपुटली. तो वाड्याबाहेर पडला, बाभळीपर्यंत गेला.

मागं एकही मेंढरू हललं नाही. बिरप्पानं काठी आपटली, जिभेनं टकटक केलं. दोनशे मानांतली एकही वळली नाही.

एडका थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं, दोन्ही तोंडांनी.

सगळा कळप एक पाऊल मागं सरला.