दोनशे बारा नावांचा मॅक्रो

खरं सांगते, क्रांती मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात, टाइम ऑफिसला, मी एकोणीस वर्षं काढली. ही कालची पोर, सव्वीस वर्षांची, सानपाड्याहून स्कूटीवर येते. आली की सगळ्यांना गुड मॉर्निंग काय, वॉचमनच्या आईची चौकशी काय! श्यामसुंदर साहेब दिवाळीला रिटायर होणार होते. त्यांची खुर्ची मलाच मिळणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ही येईपर्यंत.

माझं काम सकाळचं. गेटवरून पंचिंगची यादी आली की ती खात्याप्रमाणे लावायची, गैरहजर काढायचे, आणि दहाच्या आत कॅन्टीनला जेवणाचा आकडा कळवायचा. पाऊण तास लागतो. तेवढ्यात मला कोणी हाक मारलेली खपत नाही.

एक दिवस क्रांती म्हणाली, "ताई, आज माझ्या मशीनवर करा ना. मी रेकॉर्डिंग लावते." मी केलं. ऐटीत केलं, खोटं कशाला बोलू? तिने त्याचा मॅक्रो बनवला, म्हणजे माझ्या हातांनी केलेलं सगळं मशीन आपोआप परत करणार. दुसऱ्या दिवशी एक बटण दाबलं आणि माझा पाऊण तास चार सेकंदांत आटपला. साहेब तर टाळ्याच वाजवायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! राबले माझे हात, आणि शाबासकी हिला?

पण एक गोष्ट मला दिसली होती. मी यादी माउसने धरून शेवटच्या नावापर्यंत खाली ओढते. त्या दिवशी नावं होती दोनशे बारा. मॅक्रो तेवढंच शिकला. त्याच्या खालचं तो बघणारच नव्हता.

सोमवारी ठेकेदाराची चौदा नवी माणसं आली. नावं यादीच्या तळाला. क्रांतीने बटण दाबलं, आकडा गेला. मी तिच्या स्क्रीनवर पाहिलं, मोजलं आणि गप्प बसले. होऊ दे हिची शोभा, म्हटलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये चौदा जण रिकामी ताटं घेऊन उभे. त्यातला कोंडिबा, पन्नाशीचा, साताऱ्याकडचा, मला विचारतो, "बाई, आमची नावं न्हाईत व्हय?" मी मान फिरवली. क्रांतीने आपला डबा त्याच्यापुढे ठेवला आणि बाकीच्यांना वडापाव आणायला स्वतः पळाली. साहेब तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडले. 'ताईंनीच तसं ओढलं होतं' असं ती म्हणू शकली असती. म्हणाली, "माझी चूक, सर. मी तपासायला हवं होतं." मेली चांगली वागते, म्हणून तर जास्त आग होते.

संध्याकाळपर्यंत बसून तिने मॅक्रो उघडून दुरुस्त केला. आता तो आधी शेवटची भरलेली ओळ शोधतो, मग पुढचं. मंगळवारी दोनशे सव्वीसच्या दोनशे सव्वीस नावं आली.

मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "उज्वलाबाई, एकोणीस वर्षांत तुमच्या नजरेतून एक माणूस सुटला नाही. काल तुम्ही तिच्या शेजारीच होतात. दिसलं नाही?"

दिसलं म्हणावं, तर चौदा माणसं मी जाणूनबुजून उपाशी ठेवली. तोंडातून निघालं, "नाही साहेब. लक्षातच आलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. अगदी मायेने बोलले. "असू दे. वय होतं माणसाचं, माझंही झालंय. ती चुकली, पण एका दिवसात सुधारली. माझ्या जागेसाठी मी वर तिचंच नाव कळवतो. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"छे हो," मी म्हटलं, "हुशार आहे पोरगी."