नुसतं 'काढा' म्हणू नये

नाशिक रोडच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मावशी असायच्या. पंचवटीत भाजी विकायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. आजार आमचा दोघांचा एकच. पाठ टेकली की पायांत किडे वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. मावशींनी लहानपणापासून एकच बोलणं ऐकलेलं: "पाय हलवू नको, लक्ष्मी जाते."

"गेली आसंल," त्या म्हणायच्या. "आली कव्हा, तेच कळलं नाय!"

त्या दिवशी आम्ही दोघं पायांत सुया टोचून पडलो होतो. पडद्याआड नर्सने विचारलं, "मॅडम, मावशींना आज काय द्यायचं?" डॉक्टरबाई सुयांबरोबर चिनी जडीबुटीही देतात. त्या म्हणाल्या, "काढा!"

मावशींच्या कानावर तेवढाच शब्द पडला. त्या उठून बसल्या आणि मिरच्यांचे देठ खुडावेत तशी एकेक सुई उपटायला लागल्या.

"अहो मावशी, काढा म्हणजे प्यायचा काढा!" मी ओरडलो.

डॉक्टरबाई धावत आल्या, तर मावशींनी उलट त्यांनाच सुनावलं, "बाई, पी म्हना, नायतर उपट म्हना. निस्तं काढा काय?" मग त्या अशा हसल्या की खाट करकरली. मीही हसून हसून दमलो.

सुयांनी म्हणा की हसण्याने, पण थोड्या वेळाने आमचे पाय खरंच गप्प पडले होते. मावशींनी आपल्या पायांकडे कौतुकाने पाहिलं, मग दाराकडे पाहून म्हणाल्या,

"आता ये म्हनावं लक्ष्मीला!"