चपला काढल्या तिथे

एका हातात नवऱ्याच्या चपला, खांद्याला लाडवांची पिशवी, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. बँकॉकमधल्या झोपलेल्या बुद्धाच्या देवळाच्या दारात मी अशी अर्धा तास उभी होते. बारा वाजून गेले होते. सकाळी आठला त्यांनी साखर कमी करायची गोळी घेतली होती आणि पोटात फक्त एक केळं होतं. आणखी थोडा वेळ असाच गेला तर हे कुठेतरी पडणार, हे मला ठाऊक होतं, कारण एकदा पडलेले मी बघितले होते. लावणीच्या दिवसांत बांधावरच आडवे झाले होते. कर्जतच्या डॉक्टरांनी तेव्हा बजावलं, साखर वाढली तर वेळ मिळतो, उतरली तर मिळत नाही, जवळ गूळ ठेवा. हे त्यांनी मला सांगितलं. ज्यांची साखर उतरते ते बाजूला बसून पंख्याकडे बघत होते. तेव्हापासून गूळ माझ्या कमरेच्या पिशवीत असतो. त्यांच्या खिशात कधीच नसतो.

"तू हाईस ना बरोबर," म्हणतात.

आता मी बरोबर नव्हते. पासपोर्ट, पैसे, फोन, हॉटेलचं कार्ड, सगळं त्यांच्याकडे. गूळ, लाडू आणि त्यांच्या चपला माझ्याकडे. माझा फोन कुंभिवलीला, घरी कपाटात. सून म्हणाली, "आई, तो तिकडे चालणार नाय." आणि ह्यांचा नंबर मला कशाला पाठ असेल? पन्नास वर्षांत मी त्यांना हाकच मारत आले.

बँकॉकला जायचं माझ्या मनात नव्हतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून लेकाने पाठवलं. मी म्हटलं होतं, पडवीवर नवे पत्रे टाक. तो म्हणाला, "आये, पत्रे काय, कधी पण टाकू. तुमी दोघं जग बघा." मी हायवेच्या कडेच्या गावात राहते, चौथी शिकले आहे. जग माझ्या दारावरून रोज हॉर्न वाजवत जातं. पण चौक गावच्या टूरवाल्याला त्याने पैसे भरून टाकले होते, मग गेलो.

पहिले दोन दिवस अठरा जणांच्या घोळक्यात गेले. तिसऱ्या दिवशी टूरवाला सगळ्यांना दुकानं दाखवायला नेणार होता. हे अडून बसले.

"दुकानं बघायला इथवर आलो का? आमी देव बघू."

"एकटे जाल का काका?" टूरवाल्याने विचारलं.

"एकटा कसा? ही हाय ना."

तो दिवस नेमका शनिवारचा. शनिवारी हे मांसमच्छीला शिवत नाहीत. हॉटेलच्या नाश्त्याला गेले, तर भाताच्या शेजारी कसलंतरी लाल मटण, आणि दोन्हीकडे एकच चमचा फिरत होता. हे ताट ठेवून उठले. पाव नको, भात नको, फळं सोलणारी सुरी कुठे फिरली असेल म्हणून कापलेली फळंही नकोत. सालीतलं एक केळं खाल्लं. मी म्हटलं, मग गोळी घेऊ नका. तर म्हणाले, "गोळी चुकवायची नाय, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी गोळीवर जेवायलाही सांगितलं होतं, ते मात्र विसरले. मी लाडू पुढे केले. बेसनाचे, घरून नेलेले.

"आधी दर्शन," म्हणाले.

बुद्ध आपला देव आहे की नाही, यावर आमच्या गावात कधी चर्चा झालेली नाही. पण दर्शनाआधी खायचं नाही, एवढं ह्यांनी त्याच्यासाठीही ठरवून टाकलं. मी फार वाद घातला नाही. तो घालायला हवा होता.

ते देऊळ म्हणजे एक देऊळ नव्हे. आत एक आवार, त्यात पुन्हा आवार, जिकडे तिकडे कळस, आणि दर थोड्या अंतरावर एक मूर्ती. प्रत्येक ठिकाणी चपला काढा, आत जा, बाहेर या, चपला घाला. पहिल्या ठिकाणी काढल्या, दुसऱ्या ठिकाणी काढल्या, तिसऱ्या ठिकाणी हे पुटपुटायला लागले. शेवटी तो मोठा झोपलेला बुद्ध. त्याच्या दारात चपला ठेवायच्या नव्हत्या, एक कापडी पिशवी देत होते, चपला तिच्यात घालून बरोबर घ्यायच्या. ह्यांनी पिशवी बघितली, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि पुढे निघाले. पुढे चालायची त्यांना सवय आहे. बांधावरून दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही, तेव्हापासूनची. कर्जतच्या बाजारातला रस्ता रुंद झाला, हे अजून बांधावरच आहेत.

मूर्ती मोठी आहे. आमची वाडी तिच्या पायाशी मावेल. तळव्यांना शिंपल्याची नक्षी आहे, ती छान आहे. मूर्तीच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून भांड्यांची रांग, एकशे आठ. नोट दिली की एक वाटीभर चिल्लर देतात, ती एकेक नाणं करत प्रत्येक भांड्यात टाकायची. मी ह्यांच्याकडून नोट मागून वाटी घेतली.

"चल गं, किती वेळ?" पुढून आवाज आला.

"अर्ध्यात सोडू का?"

"मी बाहेर हाय."

एकशे आठ भांडी व्हायला वेळ लागतो. पुढे एक म्हातारी होती, ती प्रत्येक भांड्यापाशी हात जोडत होती. मी घाई केली नाही, हेही सांगून टाकते. बाहेर आले तर हे नाहीत.

आमच्याकडे याचा नियम ठरलेला आहे. गावच्या जत्रेत कोणी चुकलं तर शोधत फिरायचं नाही. चपला काढल्या तिथे जाऊन बसायचं. पोरं लहान होती तेव्हा त्यांनाही हेच शिकवलं, आणि एकही पोर कधी हरवलं नाही. म्हणून मी वळसा घालून पुढच्या दाराशी आले, जिथे ती पिशवी मिळाली होती. तिथे उभी राहिले. आता येतील, मग येतील. मनात शिव्या तयार होत्या. नियम एवढा साधा, तोही ह्यांना पाळता येऊ नये.

अर्ध्या तासाने माझं लक्ष हातातल्या चपलांकडे गेलं. हे अनवाणी होते. बाहेरची फरशी अशी तापली होती की मला चपलेतून चटका बसत होता. म्हणजे हे लांब गेलेले नाहीत, कुठेतरी सावलीला बसलेत. कुठे बसतील? चपला काढल्या तिथे. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जत्रेत देऊळ एक असतं. इथे आम्ही चार ठिकाणी चपला काढल्या होत्या. मी चौथ्या ठिकाणी उभी होते. हे कुठल्यातरी दुसऱ्या ठिकाणी बसले असणार, मला शिव्या घालत, आणि नियमाप्रमाणे जागचे हलणार नाहीत. पडले तरी तिथेच पडतील.

मी नियम मोडला आणि निघाले.

पहारेकऱ्याला चपला दाखवल्या. त्याने चपला ठेवायच्या फळीकडे बोट केलं. पुढे दुसऱ्याला दाखवल्या. त्यानेही हसून फळी दाखवली. मी म्हटलं, "अरं बाबा, चपला ठेवायच्या नायत, ह्यांचा मालक शोधायचाय!" त्याने मान डोलावली आणि तिसरी फळी दाखवली. तिसरं ठिकाण बघितलं, हे नाहीत. दुसऱ्या ठिकाणी एक बाई झाडू मारत होती, माझ्याच वयाची. तिने आधी हातातल्या चपला बघितल्या, मग माझे पाय बघितले. माझ्या पायात चपला होत्या. बायकांना असल्या गोष्टी कळतात. तिने डोक्यावर दोन्ही हातांनी टोपीचं टोक करून दाखवलं.

"हां, टोपी! ह्यांची पांढरी टोपी!"

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि मला दंडाला धरून नेलं.

हे पहिल्या देवळाच्या पायरीवर बसले होते. टोपी मांडीवर, सदरा घामाने ओला, ओठ पांढरे. शेजारी कोणीतरी लाल सरबताची बाटली आणून ठेवली होती, तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता येईना, म्हणून शनिवारी ती प्यायची नाही. मरायला चाललं होतं हे माणूस, पण वार पाळून.

मला बघून म्हणाले, "कुठं मेलीवतीस?" आवाज खोल गेला होता.

"तोंड उघडा."

"काय हाय?"

"गूळ हाय. घरचा. उघडा म्हणते ना!"

एक खडा घातला, मग दुसरा. घशाखाली जाईपर्यंत हनुवटी धरून ठेवली. झाडूवाली बाई शेजारी उकिडवी बसली आणि त्यांना वारा घालू लागली, तिच्याच गवती टोपीने. थोड्या वेळाने ओठांना रंग आला. नजर ठिकाणावर आली. आणि बोलायची ताकद आल्या आल्या पहिलं काय बोलावं?

"चपला काढल्या तिथं बसायचं ठरलंय ना गं?"

"तिथंच बसलेले मी."

"इथं काढल्या आपण. पयल्या."

"आणि शेवटी कुठं काढल्या?"

"शेवटी काढल्याच नायत, तुज्या हातात दिल्या. पयली जागा तीच जागा."

"असं कुनी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? चपला दे हिकडं, पाय भाजलेत."

तळव्यांना फोड आले होते, ते मी बघितलं. पण चपला मी माझ्या मांडीखाली घेऊन बसले.

"आधी दोन लाडू. मग चपला."

"दर्शन..."

"झालं दर्शन. खा."

खाल्ले. एक लाडू झाडूवाल्या बाईला दिला. तिने वास घेतला, हसली आणि आपण पदरात बांधतो तसा अर्धा तोडून खिशात ठेवला. तिला काय म्हणावं ते मला येत नव्हतं, म्हणून मी मराठीतच म्हटलं, "बाई, तू होतीस म्हणून." तिने त्यांच्या चपलांकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे, आणि मान हलवली. तिच्याही घरी असाच एक असावा.

चपला पायात गेल्या तसे हे उठले आणि लंगडत पुढे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गुळाचे चार खडे टाकले होते. घरी आल्यावर सदरा धुवायला काढला, तर गूळ विरघळून खिसा चिकट झाला होता. एकही खाल्ला नव्हता.

गावात विचारतात, बँकॉक कसं होतं. हे पडवीत बसून बुद्धाचे तळवे किती मोठे ते हात पसरून सांगतात. पहिली जागा की शेवटची जागा, यावर घरात अजून भांडण होतं. लेक त्यांच्या बाजूने आहे, सून माझ्या. पडवीवर पत्रे अजून जुनेच आहेत.

हे आता त्र्याहत्तरचे आहेत, मी अडुसष्टची. गेलो तेव्हा दोघं होतो, आलो तेव्हाही दोघंच.