फाट्यापर्यंतची सीट

आमलीच्या नाक्यावरून गलोंड्याकडे जाणारी इको गाडी भरल्याशिवाय निघत नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. सीएनजीची टंचाई आली तेव्हाही नियम तोच राहिला, फक्त गाड्या कमी झाल्या. पंपावरची रांग रस्त्याच्या कडेने पार वळणापर्यंत जायची. गाडीवाले उजाडायच्या आत रांगेत लागायचे आणि गॅस मिळाला तर नाक्यावर यायचे. आले की पहिलं वाक्य ठरलेलं: "आज डबल."

माझी माय गलोंड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, पर्मनंट. हे मी अभिमानाने सांगते, का सांगू नये? नंदुरबारकडून माय इथं आली तेव्हा तिला सही येत नव्हती. घरात बीएस्सी झालेली मी पहिली. कंपनीची स्टाफ बस आमलीत थांबते, पण ठेक्यावरच्या माणसांना तिच्यात चढता येत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मायने खाडा केला होता, मला बसमध्ये बसलेली बघायला. मी खिडकीशी बसेपर्यंत ती जागची हलली नव्हती.

तिची कामाची पाळी माझ्याआधी सुरू होते. नेहमीचा इकोवाला तिला मासी म्हणतो, मागच्या सीटवर तिची जागा राखून ठेवायचा. टंचाईत ते संपलं. जो आधी येईल, डबल देईल, त्याची सीट.

"मासी, गॅसच नथी मळतो, हुं शुं करूं?" तो त्याच्या गुजरातीत म्हणायचा, गॅसच मिळत नाही तर मी काय करू. खोटं बोलत नव्हता बिचारा. रांगेत उभं राहून त्याचे डोळे लाल झालेले असायचे.

मी मायला म्हटलं, वरचं भाडं मी देते. तिने ऐकूनही घेतलं नाही. "डबल भाडं देऊन हजेरी भरायची? मग घरीच बसलेलं काय वाईट?"

पॅकिंगच्या बायकांनी आपला उपाय काढला. अर्ध्या वाटेवर एक फाटा आहे. तिथपर्यंत चालत जायचं आणि तिथून गाडी धरायची. अर्धी वाट, म्हणजे डबलचं अर्धं, म्हणजे पूर्वीचंच भाडं. हिशेब बरोबर होता. फक्त गाडी आमलीतूनच भरून निघते, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर शिकलेली. बायका फाट्यावर हात करायच्या आणि गच्च भरलेल्या गाड्या समोरून निघून जायच्या. मग उरलेली वाटही पायीच.

मला हे कळलं ते बसमधून. एका सकाळी फाट्याच्या पुढे रस्त्याकडेला माय दिसली, डबा काखेत, पदर डोक्यावर. तिची पाळी केव्हाच सुरू झाली होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "काका, थांबवा ना जरा."

मागून पुण्याचे एक साहेब म्हणाले, "मॅडम, एकीला घेतलं की उद्या सगळ्या हात करतील."

काकांनी आरशात माझ्याकडे बघितलं, गाडी थांबवली नाही. मायने मात्र बस ओळखली आणि तोंड शेताकडे फिरवलं. मला लाज वाटू नये म्हणून. त्याचाच मला राग आला.

त्या संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, "ठेकेदार म्हणे, अजून एकदा उशीर झाला तर येऊ नको. गेटवर बायका उभ्याच आहेत."

"मग उद्या नाक्यावरूनच गाडीत बस. मी देते."

"माझं भाडं मीच देईन. आणि जेवढं देत आले तेवढंच देईन."

माय एकदा बोलली की झालं. मी रात्री उगाच कूस बदलत राहिले आणि सकाळी तिच्या मागोमाग निघाले. ती चालत पुढे गेली. मी नाक्यावर जाऊन तिच्या इकोत बसले, मागच्या सीटवर.

"मॅडम, तमे? बस छूट गयी?"

"नाही. मी फाट्यावर उतरणार. तिथं माझ्या सीटवर मासी बसेल. अर्धं मी देते, अर्धं ती देईल."

तो हसला. "एक सीट, दोन सवारी! अपना तो वही का वही."

फाट्यावर बायकांनी हात केले. गाडी थांबली, मी उतरले. माय बघतच राहिली.

"बसमधली जागा सोडलीस तू?"

"आधी गाडीत बस. उशीर होतोय."

"त्यासाठी शिकवलं तुला? रस्त्याने चालायला?"

"मासी, भांडण बाद में, गॅस जळे छे!" इकोवाला ओरडला. गाडीतले सगळे हसले. माय हसली नाही. पण चढली आणि माझ्याच जागेवर बसली. गाडी सुटताना बाहेर बघायचं तिने टाळलं. बाकीच्या बायका पदर खोचून चालायला लागल्या. मी त्यांच्यामागून. त्यांना उशीर होणार होता, मला नाही. माझी पाळी नंतरची. सगळ्यांसाठी सीट धरण्याइतका पगार मला नाही, हेही सांगून टाकते.

मायचं काम टिकलं. पुढे पंपावरच्या रांगा संपल्या, गाड्या वाढल्या. भाडं तेवढं खाली आलं नाही. इकोवाल्याला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, चढलेलं भाडं कधी उतरलेलं बघितलंय का?" आणि माय अजून पूर्वीइतकंच देते, म्हणून अजून फाट्यापर्यंत चालते. मी अजून तिथं उतरते. स्टाफ बस बाजूने जाते, खिडकीतून कुणी हात करतं, मीही करते. थकायला होतं. लॅबमध्ये पोचते तेव्हा पाय भरून आलेले असतात आणि दिवस नुसता सुरू होत असतो.

परवा गाडीत चढताना मायने माझ्या हातात एक पिशवी कोंबली. आत कापडी बूट होते, चालायचे. एक नंबर मोठे.

"मोजे घालून बसतील," ती म्हणाली, आणि सीटवर सरकून बसली.