गुरुवारची राखण

एनो बिरागोचा कुणावरच विश्वास नव्हता. बाजारात गिऱ्हाईक जास्त गोड बोललं की ती भाजीची टोपली जवळ ओढायची. कुमासी शहराच्या कडेला अदोमसू ओढ्याकाठी तिचा कांदापातीचा मळा होता, आणि घर त्यावरच चालायचं.

अदोमसूला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी पाण्यात कुणी पाय घालत नाही, काठावर कुदळ मारत नाही. उन्हाळ्यात लाल बूटवाला एक साहेब जमीन मोजायला आला, तेव्हा एनोनं त्याला दटावलं होतं, की गुरुवारी इथे आमची माणसंसुद्धा फिरकत नाहीत, ओढा कोपतो. साहेबानं अगदी अदबीनं मान डोलावली. तेव्हाच तिला त्याचा संशय यायला हवा होता.

पुढे वरच्या अंगाला घरं झाली, अंगणं सिमेंटची झाली. साधी सर आली तरी ओढा पिसाळायचा. त्यात दर शुक्रवारी त्याचं पात्र आणखी अरुंद दिसू लागलं. पाण्याला पसरायला जागा उरली नाही, ते वाफ्यांत घुसलं आणि अर्धी पात घेऊन गेलं. एनोचं डोकंच फिरलं. शेजारच्या मळ्यातला अटाकोरा गुरुवारी चोरून बांध घालतोय, म्हणूनच ओढा चिडलाय, हे तिनं ठरवून टाकलं. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी एका गुरुवारी ओढ्याची माफी मागून ती अळवाच्या रानात दबा धरून बसली. पलीकडे पानं हलली. तिथे अटाकोरा बसलेला.

"तुला पकडायला आलोय," तो म्हणाला.

"आणि मी तुला."

तेवढ्यात ट्रक आला आणि त्यानं लाल मातीचा ढीग सरळ ओढ्यात ओतला. मागे तेच लाल बूट. एनो तरातरा पुढे गेली आणि आजच का, म्हणून तिनं जाब विचारला.

साहेब गडबडला. "एनो, तुम्हीच तर सांगितलंत. गुरुवारी इथे कुणी फिरकत नाही."

ओढ्याला जपायला सांगितलेली गोष्ट तिनं आपल्या तोंडानं चोराच्या हाती दिली होती.

पुढच्या गुरुवारी ट्रकच्या वाटेवर तिनं स्टूल मांडलं. "तुझी सुट्टी मी मोडतेय," ती ओढ्याला म्हणाली. "हवं तर कोप, पण वाहत राहा." अटाकोराही येऊन बसला. एनोनं आपलं स्टूल जरा वळवून घेतलं, त्याचे हात दिसतील असं.